युक्त्या पुष्कळ, कारणे कुठे?

ज्यांनी १९९० च्या दशकात शाळेत किंवा एखाद्या क्लासमध्ये पहिल्यांदा संगणक पाहिला, त्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. संगणकाच्या खोलीबाहेर चपलांची रांग लागलेली असे. आत जाताना पाय हळू पडत, आवाज खाली येई. देवघरात शिरताना जसे वागावे, तसेच सारे. दारावरच्या पाटीवर नियम लिहिलेले असत : चपला बाहेर काढा, पंखा लावू नका, विचारल्याशिवाय कळ दाबू नका. आज विद्यार्थ्यांच्या खिशात त्या संगणकापेक्षा कितीतरी समर्थ यंत्र असते आणि ते बसमध्ये, शेतात, स्वयंपाकघरात कुठेही चालते. तरीही मराठवाड्यातल्या काही शाळांत चपलांची ती रांग आम्ही अलीकडेही पाहिली आहे.

ही पाटी वेडगळ मात्र नव्हती. जुन्या मोठ्या संगणकांच्या काळात चुंबकीय तबकड्या काढता-घालता येत. तबकडी वाचणारे शीर्ष तिच्यापासून अतिशय थोड्या अंतरावर तरंगत असे. मध्ये धुळीचा एखादा कण आला, तर तबकडीवर ओरखडा उठून माहिती नष्ट होई. पुढे तबकड्या बंद डबीत आल्या आणि धुळीचा तो धोका संपला. धुळीचा त्रास तेवढा उरला, पण निराळ्या कारणाने. ती पंख्यात व थंडाव्याच्या पट्ट्यांत साचते, यंत्र तापते आणि तापले की आपला वेग आपणच कमी करते. म्हणजे आता खरे काम चपला काढण्याचे नसून वर्षातून एक-दोनदा वीज बंद करून पंखा साफ करण्याचे आहे. पाटीवर ‘का’ लिहिलेले नव्हते, म्हणून कारण बदलले तरी पाटी बदलली नाही. युक्तीचे कर्मकांड झाले.

या लेखात आम्हाला संगणक, मोबाइल आणि टॅब्लेट यांविषयीच्या अशा ‘उपयुक्त सूचनां’चा परामर्श घ्यायचा आहे. वर्तमानपत्रांतील सदरे, क्लासच्या टिपणवह्या, पदपथावर मिळणाऱ्या छोट्या पुस्तिका, मोबाइलवर फिरणारे संदेश आणि चित्रफिती असे हे साहित्य मराठीत भरपूर आहे. साक्षेपी समीक्षा मात्र त्याच्या वाट्याला फारशी आलेली नाही.

आधी या साहित्याचे ऋण मान्य करू. यंत्राची भीती त्याने घालवली. मराठीतून, थोडक्यात, पायरी-पायरीने सांगितले. २००१ साली स्थापन झालेल्या ‘एमकेसीएल’चा ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. माउस हातात धरायला घाबरणारे कितीतरी शिक्षक, कर्मचारी आणि गृहिणी त्यातून शिकल्या. पायऱ्या पाठ करून का होईना, काम सुरू झाले. हे यश लहान नाही. आमची तक्रार पुढची आहे. चांगल्या युक्तीबरोबर तीन गोष्टी याव्यात : ती का चालते, कुठवर चालते आणि ती चालली हे कसे ओळखावे. कारण, मर्यादा आणि पडताळा. बहुतेक सूचनांत यांपैकी एकही नसते. काही उदाहरणे पाहू.

बॅटरी आणि आपला उन्हाळा

‘नवा मोबाइल आधी आठ तास चार्ज करा’, ‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावू नका’ हे सल्ले आजही दुकानाच्या काउंटरवर ऐकू येतात. ते आले निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातून. निकेल-कॅडमियम बॅटरी वारंवार अर्धवट उतरवून भरली, तर तिची क्षमता घटल्यासारखी होई. म्हणून ती पूर्ण उतरवणे हिताचे होते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे मोबाइल आणि टॅब्लेट याच बॅटरीवर चालतात आणि हिचा स्वभाव नेमका उलटा आहे. पूर्ण उतरणे तिला मानवत नाही. थोडे थोडे चार्ज करणे चालते. भरल्यावर प्रवाह थांबवणारे मंडल आतच असते, म्हणून ‘आठ तासां’ना काही अर्थ उरत नाही. जुना सल्ला नव्या बॅटरीला नुसता निरुपयोगी नाही, तर अपायकारकही आहे.

तिचा खरा शत्रू आहे उष्णता. तापमान वाढले की बॅटरीच्या आतील नको असलेल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो आणि तिची क्षमता कायमची घटत जाते. पूर्ण भरलेली बॅटरी तापली, तर हे आणखी लवकर घडते. ॲपल कंपनी आपली यंत्रे ०° ते ३५° सेल्सिअस तापमानात वापरा असे सांगते. आता छत्रपती संभाजीनगरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. सावलीतही पारा ४० च्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या वर्गखोलीच्या खिडकीत मोबाइल ठेवला, तर त्याचे काय होत असेल? थंड हवेच्या देशात लिहिलेल्या सूचनांत या डिकीचा उल्लेख नसणे समजू शकते. मराठीत लिहिलेल्या सूचनांतही तो नसावा, याचे मात्र आम्हाला आश्चर्य वाटते. आपल्याकडे बॅटरीविषयीची पहिली सूचना हीच असायला हवी : ऊन टाळा, आणि चार्ज करताना मोबाइल उशीखाली किंवा जाड कव्हरात ठेवू नका.

मर्यादाही सांगायला हवी. ‘वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवा’ ही सूचना योग्य आहे. पण उद्या दिवसभर निवडणुकीचे काम असेल आणि वाटेत वीज मिळण्याची खात्री नसेल, तर बेलाशक शंभर टक्के भरा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. तापलेला मोबाइल फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती मात्र कधीच करू नये. बाहेर काढल्यावर दमट हवेतील बाष्प थंड भागांवर, आतसुद्धा, दवासारखे जमते.

पडताळा वर्गात सहज घेता येतो. दोन तापमापक घ्या. एक काळ्या कापडात गुंडाळून उन्हातल्या खिडकीत ठेवा, दुसरा कपाटात. अर्ध्या तासाने दोन्ही वाचा. त्यानंतर वेगळा उपदेश करावा लागत नाही.

मेलेली आणि पुन्हा जिवंत झालेली युक्ती

‘स्क्रीनसेव्हर लावा, पडदा टिकेल’ हा एके काळचा लाडका सल्ला. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिले, तर तिथला प्रकाश देणारा लेप झिजे आणि चित्राची पुसट छाया कायम उमटे. हलते चित्र हा त्यावरचा उपाय होता. द्रवस्फटिकाचे सपाट पडदे आले आणि हे कारण जवळजवळ संपले. अशा पडद्यावर स्क्रीनसेव्हर लावणे म्हणजे फुकट वीज जाळणे. पडदा बंद करणे बरे. पुढे अनेक मोबाइलांत ‘ओलेड’ पडदे आले. त्यांतील प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थ वापराने मंद होतात, आणि एकच चित्र सतत ठेवले तर पुन्हा छाया उमटू शकते. युक्ती मेली आणि वेगळ्या वेशात परत आली. ज्याला कारण माहीत होते, त्याला या प्रवासात काही नवल वाटणार नाही. ज्याने केवळ सूचना पाठ केली होती, तो दोन्ही वेळा चुकेल.

‘डीफ्रॅगमेंट करा’ या सूचनेचेही असेच आहे. फिरत्या तबकडीवर एका फाइलचे तुकडे दूरदूर पडले, तर शीर्षाला धावाधाव करावी लागते. ते तुकडे एकत्र आणले की वेळ वाचतो. नव्या संगणकांतील ‘एसएसडी’ साठवणीत फिरणारे काहीच नाही. तिथे तुकडे एकत्र करण्याने लाभ होत नाही, उलट विनाकारण लेखन वाढून झीज होते. शाळेत दोन्ही प्रकारचे संगणक शेजारी शेजारी असतात. मग ‘दर महिन्याला डीफ्रॅग करा’ या एका ओळीचे काय करायचे?

ताजेतवाने करण्याचा भ्रम

डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून पाच-सहा वेळा ‘रिफ्रेश’ करणारे पुष्कळ जण आपल्या पाहण्यात असतील. त्या आज्ञेने पडद्यावरची चिन्हे पुन्हा काढली जातात, एवढेच. नवी फाइल दिसत नसेल तर तिचा उपयोग आहे. स्मृती रिकामी होत नाही आणि वेगही वाढत नाही. हा सारा नावाचा परिणाम. ‘चिन्हे पुन्हा काढा’ असे नाव असते, तर ही सवय पडली नसती.

मोबाइलवर याची जुळी बहीण आहे : दर थोड्या वेळाने सगळी ॲप बोटाने सरकवून बंद करणे. रॅम भरलेली असली काय आणि रिकामी असली काय, वीज जवळजवळ सारखीच लागते. बंद केलेले ॲप पुन्हा उघडताना मात्र साठवणीतून सारे नव्याने आणावे लागते आणि त्यात अधिक वीज जाते. अपवाद आहेत. एखादे ॲप अडकले असेल, किंवा नकाशासारखे सतत ठावठिकाणा घेत असेल, तर तेवढेच बंद करणे योग्य.

‘बंद करून पुन्हा चालू करा’ ही सर्वांत प्रसिद्ध युक्ती. ती बहुधा चालतेही, कारण चालता चालता साचलेल्या चुका नव्या सुरुवातीत पुसल्या जातात. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून अनेक संगणकांत ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीच्या गाभ्याची स्थिती साठवून ठेवली जाते आणि चालू करताना तीच परत आणली जाते, म्हणजे संगणक लवकर उघडतो. गाभ्यातली चूकही अशा वेळी जशीच्या तशी परत येऊ शकते. खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ निवडावे. कारण ठाऊक असले की एका शब्दाचा फरक लक्षात राहतो.

मराठीचे दुखणे

आतापर्यंतची उदाहरणे कुठल्याही भाषेतल्या सूचनांना लागू पडतील. पण एक सूचना खास आपली आहे आणि तिने सर्वांत जास्त नुकसान केले आहे : ‘मराठी दिसत नसेल तर फॉन्ट टाका.’

१९९० च्या दशकात शाळांच्या प्रश्नपत्रिका, निमंत्रणे, अहवाल निरनिराळ्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित झाले. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. अशा बहुतेक फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरून त्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना ‘शाळा’ दिसे, पण फाइलमध्ये असत भलत्याच रोमन अक्षरांचे क्रमांक. फॉन्ट काढला की मराठी गेली, निरर्थक रोमन अक्षरे उरली. त्या काळाला दोष देण्याचे कारण नाही. काम कागदावर छापण्यापुरते होते आणि ते उत्तम होत होते.

दुसरी वाटही त्याच काळात तयार होत होती. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ चा २३२५, ‘ळ’ चा २३५५. फॉन्ट कोणताही असो. विंडोज २००० पासून सामान्य संगणकावर ही सोय आली, आणि आजच्या मोबाइलवर आपण लिहितो ते सारे युनिकोडच. तरीही ‘पेनड्राइव्हवर फॉन्ट घेऊन जा’ ही सूचना अनेक वर्षे चालत राहिली, कारण कळफलक, फॉन्ट आणि क्रमांक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणी सांगितले नाही. कळफलक म्हणजे लिहिण्याची रीत. इनस्क्रिप्ट घ्या किंवा उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबा. फॉन्ट म्हणजे अक्षराचा पोशाख. क्रमांक म्हणजे अक्षराची ओळख. पोशाख बदलला तर चालते; ओळख हरवली तर माणूस सापडत नाही.

हे शब्दशः खरे आहे. २०२३ साली औरंगाबादचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. समजा, एका शाळेला आपल्या पत्रांच्या जुन्या नमुन्यांत शहराचे नाव बदलायचे आहे. फाइली युनिकोडमध्ये असतील तर ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा काम मिनिटांत करते. जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ‘औरंगाबाद’ समोर दिसत असूनही संगणक म्हणतो, असा शब्द नाही! आणि युनिकोड असले तरी ‘सगळे बदला’ ही कळ डोळे मिटून दाबू नये. यादीत कुणी औरंगाबादकर आडनावाचा विद्यार्थी असेल तर त्याचे आडनावच बदलेल. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, तोही आपल्या शहरात येऊन बसेल. युक्तीची मर्यादा सांगावी म्हणतो ती यासाठी.

पडताळा सोपा आहे. जुन्या फाइलमधला एक परिच्छेद उचलून मोबाइलच्या संदेशात चिकटवा. मराठी राहिली तर युनिकोड. रोमन अक्षरांचा गोंधळ झाला तर जुना फॉन्ट. अशा फाइली योग्य परिवर्तक वापरून आजच युनिकोडमध्ये आणाव्यात आणि नंतर त्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. त्यांत एखाद्या शाळेचा पंचवीस वर्षांचा इतिहास असू शकतो.

युनिकोडमध्येही एक गंमत आहे. ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी लोक ‘अ’ वर चंद्र देऊन काम भागवत आणि आजही काही जण तसेच लिहितात. दोन्ही दिसतात सारखे, पण क्रमांक वेगळे. म्हणून एका रीतीने लिहिलेले ‘ॲडमिशन’ दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. पटावर नाव असून यादीत सापडत नाही, यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

जिथे कारण न सांगणे महागात पडते

‘पासवर्ड दर महिन्याला बदला’ ही सूचना कित्येक कार्यालयांत नियम म्हणून आली. परिणाम काय झाला? माणसे शेवटचा आकडा एकने वाढवू लागली, किंवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवू लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये आपला सल्ला बदलला : ठरावीक मुदतीने बदल करायला लावू नका, फुटल्याची शंका आली तर बदला. लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर लक्षात राहतात आणि यंत्राला ओळखायला अवघड जातात.

याहून गंभीर गोष्ट फसवणुकीची. ‘बँकेच्या नावाने फोन आला तर ओटीपी देऊ नका’ हे आता लहान मुलांनाही पाठ आहे. मग फसवणूक लग्नपत्रिकेच्या किंवा शेतकरी योजनेच्या नावाने येते. संदेशाबरोबर एक फाइल असते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. पाठांतरात हिचा उल्लेख नव्हता, म्हणून माणूस ती उघडतो. ती पत्रिका नसतेच. ती आज्ञावली असते. बसवताना तिला संदेश वाचण्याची परवानगी दिली की ओटीपी कुणाला सांगावाच लागत नाही, ती स्वतःच वाचते. चित्र ‘पाहायचे’ असते आणि आज्ञावली ‘चालवायची’ असते, हा भेद ज्याला कळला, तो पुढच्या वर्षी तिसऱ्याच नावाने आलेल्या फसवणुकीपासूनही बचावेल. यादी कालच्या चोराला ओळखते. कारण उद्याच्या चोरालाही ओळखते. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच ती वाचण्याची शक्यता असते.

पाठ्यपुस्तकाचे काय?

बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानावर स्वतंत्र पाठ आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. त्यात संगणकाचे भाग आणि स्मृतीचे प्रकार येतात, मजकूर, तक्ते व सादरीकरण तयार करण्याच्या पायऱ्याही येतात. आमच्या मते उणीव आहे ती या दोहोंमधल्या पुलाची. रॅममधली माहिती वीज गेली की जाते, ही व्याख्या एका ठिकाणी. ‘सेव्ह करा’ ही पायरी दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही जोडल्या तर ती पायरी पाठ करावी लागत नाही. हा पूल बांधण्याचे काम शिक्षकावर येऊन पडते, आणि खरे सांगायचे तर त्यासाठी विज्ञानाच्या शिक्षकाइतका योग्य माणूस नाही. सहसंबंध आणि कारण यांतला फरक, नियमाची व्याप्ती, नियंत्रित प्रयोग हे त्याचे रोजचे विषय. संगणक खोलीच्या दारात मात्र ते चपलांबरोबर बाहेर राहतात.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. वर्गात एक ‘युक्तीवही’ ठेवा. विद्यार्थ्यांनी घरून, दुकानातून, मोबाइलवरून ऐकलेली प्रत्येक सूचना तीत लिहावी आणि पुढे तीन रकाने भरावेत : का, कुठवर, पडताळा. उदाहरणार्थ, ‘प्रश्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर दस्तऐवज म्हणून पाठवा.’ का? फोटो म्हणून पाठवल्यास तो दाबून लहान केला जातो, बारीक अक्षर पुसट होते. कुठवर? डेटा कमी असेल आणि अक्षर मोठे असेल, तर साधा फोटोही पुरे. पडताळा? दोन्ही रीतींनी पाठवा, फाइलींचा आकार पाहा, मग मोठे करून वाचा. ज्या सूचनेचे रकाने रिकामे राहतील, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा. तिला खोटी म्हणू नका. अजून सिद्ध न झालेली म्हणा. हीही विज्ञानाचीच शिस्त.

घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशी मुले आपल्या वर्गात असतात. त्यांना मिळणारा अर्धा तास अंधश्रद्धेत जाऊ नये, आणि त्या मोबाइलमागच्या बँक खात्यातली मजुरी एका फाइलपायी जाऊ नये, एवढा हा प्रश्न साधा आणि मोठा आहे.

चपला बाहेर काढायच्या असतील तर जरूर काढा. खोली स्वच्छ राहते. पण एखाद्या मुलाने ‘का?’ असे विचारले, तर त्याला पाटीकडे बोट दाखवू नका. संगणक बंद करून मागचे झाकण उघडा आणि पंख्यावर साचलेली धूळ दाखवा. आपल्या वर्गाच्या युक्तीवहीत काय काय जमते, ते आम्हाला जरूर कळवा. त्यातली प्रश्नचिन्हे वाचायला आम्हाला अधिक आवडेल.